चार टक्के फरकावर नवी प्रजाती ठरत नाही: सह्याद्रीतल्या मुऱ्याचं वर्णन कसं करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटमाथ्यावरच्या ओढ्यात दगडांखाली राहणारा, साधारण चार सेंटिमीटरचा एक मुरा, म्हणजे लोच गटातला लहान मासा, मिळाला. त्याचा फोटो कुठल्याच चित्राशी जुळत नाही. प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा क्रम जेनबँक या डीएनए क्रमांच्या खुल्या संग्रहातल्या ‘इंडोरिओनेक्टीस इव्हेझर्डी’ या आधीच माहीत असलेल्या मुऱ्याच्या नोंदीपेक्षा ४ टक्क्यांनी वेगळा आला. हाताशी तीन नमुने आहेत. एवढ्यावर नवी प्रजाती म्हणून शोधनिबंध लिहिता येईल का?

आज नाही. पण मासा नवा असण्याची शक्यता खरी आहे, म्हणून पुढची कामं नीट क्रमाने करा.

आधी त्या ४ टक्क्यांचं बघू. फरक नेमका कोणापासून आहे? जेनबँकेत क्रमासोबत जे नाव दिसतं ते क्रम जमा करणाऱ्याने दिलेलं असतं आणि ते कोणी पडताळून पाहिलेलं असेलच असं नाही. तो मासा कुठल्या नदीतला, तो संग्रहालयात ठेवला आहे का, नमुना क्रमांक काय, हे तपासल्याशिवाय तुम्ही एका अनोळखी माशाची दुसऱ्या अनोळखी माशाशी तुलना करत असता. कदाचित तुमचाच मासा खरा इव्हेझर्डी असेल आणि जेनबँकेतला वेगळा. तेव्हा पहिला प्रश्न ‘माझा मासा नवा आहे का’ हा नसून ‘जुना म्हणतात तो मासा नेमका कोणता’ हा आहे. निम्म्याहून अधिक कष्ट इथेच जातात, आणि घाईत लिहिलेली बहुतेक वर्णनं इथेच कोसळतात.

इव्हेझर्डीचं वर्णन मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याच्या माशांवरून केलं. म्हणजे या नावाची टाइप लोकॅलिटी, मूळ वर्णनातले मासे जिथले ते ठिकाण, पुणे. इंडोरिओनेक्टीस हा गट वेगळा काढला गेला १९७८ साली, केरळमधल्या केरळेन्सिस या प्रजातीच्या वर्णनाच्या वेळी. त्यानंतर बराच काळ उत्तर सह्याद्रीत आणि दख्खनमध्ये या ठेवणीचा जो मुरा मिळेल त्याला सरसकट इव्हेझर्डी म्हणायची पद्धत होती. २०२० साली तेलंगणातून तेलंगणाएन्सिस आला. २०२१ साली गोदावरी खोऱ्यातल्या मुळा नदीतून नीलेशी आणि कृष्णा खोऱ्यातल्या हिरण्यकेशीतून राजीवी अशा दोन प्रजाती वेगळ्या दाखवण्यात आल्या. म्हणजे एका नावाखाली अनेक मासे दडले होते. तुमचा ओढा कुठल्या खोऱ्यात पडतो यावर तुलना कोणाशी करायची ते ठरेल. पण शेजारच्या खोऱ्यातली प्रजाती म्हणून कोणालाही यादीतून वगळू नका. घाटमाथ्यावर दोन खोऱ्यांचे ओढे एकमेकांपासून अगदी थोड्या अंतरावर उगम पावतात, आणि भूशास्त्रीय काळात एका नदीने दुसरीचा उगम ओढून घेतल्याने मासेही इकडचे तिकडे गेलेले असू शकतात.

खवली या दुसऱ्या लहान माशाच्या बाबतीत हेच घडलं आहे. शेपटीजवळ काळा ठिपका असलेल्या आपल्याकडच्या लहान खवली माशांना पिढ्यानपिढ्या ‘टिक्टो’ म्हटलं गेलं. हे नाव हॅमिल्टन यांनी १८२२ साली बंगालच्या आग्नेय भागातल्या माशाला दिलं होतं, आणि त्यांचे मूळ नमुने आज अस्तित्वात नाहीत. पवना आणि नीरा नद्यांतली खवली २०१६ साली पेथिया संजयमोलुरी म्हणून वेगळी झाली. नीट राखलेल्या नमुन्यांवर शांतपणे काम केल्याशिवाय असे निष्कर्ष निघत नाहीत.

म्हणून पहिलं काम कागदावरचं. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचा माशांचा ऑनलाइन कॅटलॉग उघडा. त्या गटातली प्रत्येक प्रजाती बघा, आणि आज समानार्थी मानून बाजूला टाकलेली नावंही बघा. रद्द मानलेलं जुनं नाव तुमच्याच माशाचं निघालं तर ते पुन्हा जिवंत होतं, आणि तुम्ही दिलेलं नवं नाव त्याच्यापुढे हरतं. प्रत्येक नावाचं मूळ वर्णन मिळवून स्वतः वाचा. दुसऱ्याने केलेला सारांश पुरत नाही. दख्खनसाठी कर्नल साइक्स, जेर्डन, डे, अॅनंडेल, होरा, सिलास या जुन्या अभ्यासकांची वर्णनं तरी चाळलीच पाहिजेत. टाइप नमुने, म्हणजे मूळ वर्णन ज्या माशांवरून केलं ते, कुठे आहेत तेही कॅटलॉगमध्ये असतं. डे यांचे नमुने कोलकाता, लंडन, सिडनी असे विखुरलेले आहेत. संग्रहालयाला नम्रपणे लिहून डावी बाजू, पाठ आणि पोट यांचे फोटो आणि एक्स-रे मागा.

जोडीला टोपोटाइप, म्हणजे टाइप लोकॅलिटीतून नव्याने धरलेले मासे, हवेत. तुमच्या बाबतीत पुण्याच्या परिसरातल्या मुळा-मुठा खोऱ्यातले मुरे. त्यांचा क्रम आणि त्यांची मापं तुमच्या माशाशेजारी ठेवली की ४ टक्के फरकाला अर्थ येतो. इथे एक सावधगिरी घ्या: पुण्यातली मुळा भीमेला, म्हणजे पर्यायाने कृष्णेला मिळते. अकोले-संगमनेरकडची मुळा प्रवरेला, म्हणजे गोदावरीला. बाटलीवर नुसतं ‘मुळा नदी’ लिहिलं तर पन्नास वर्षांनी उघडणाऱ्याला मासा कुठल्या खोऱ्यातला ते कळणार नाही. नदी, उपनदी, खोरं, गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, जाळ्याचा प्रकार आणि पकडणाऱ्याचं नाव, एवढं प्रत्येक चिठ्ठीवर हवंच. चिठ्ठी बाटलीच्या आत ठेवायची, जाड कागदावर पेन्सिलीने किंवा पक्क्या काळ्या शाईने लिहायची. बॉलपेन अल्कोहोलमध्ये उतरतं, इंकजेट प्रिंट धुऊन जातं आणि लेझर प्रिंटची अक्षरं काही वर्षांनी सुटून तळाशी पडतात.

परवानग्या जाळं टाकण्याआधी. राखीव जंगलात वन विभागाची, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात मुख्य वन्यजीव रक्षकांची. महाविद्यालयाच्या प्राणी नैतिकता समितीचं पत्रही घ्या, कारण चांगली नियतकालिकं ते मागतात. नमुने किंवा ऊती परदेशी पाठवायच्या असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा नियम लागू होतो. मासे धरून झाल्यावर परवानगी घेता येत नाही, आणि परवानगी नसलेल्या नमुन्यांवरचा निबंध परत येतो.

नमुने गोळा करायला दिवाळीनंतरचा काळ सर्वांत चांगला. पाणी निवळलेलं असतं, प्रवाह आटोक्यात असतो आणि पावसाळ्यात जन्मलेली पिल्लंही ओळखण्याइतकी वाढलेली असतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला नरांचे रंग खुलतात, म्हणून एक खेप तेव्हा, पण ती फक्त फोटोंसाठी. मुऱ्यासाठी ३-४ मिलिमीटर आसाचं, म्हणजे तेवढ्या छिद्रांचं, हातजाळं प्रवाहाच्या खालच्या बाजूला टेकवायचं आणि वरचे दगड हाताने हलवायचे. हलवलेला दगड पुन्हा जागेवर ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला अंडी आणि किडे असतात. किती घ्यायचे? मापांची व्याप्ती दाखवायला १० ते १५ प्रौढ मासे पुरतात, त्यात नर-मादी दोन्ही हवेत. डबक्यात एकूण मासेच थोडे असतील तर पाच घ्या, बाकीचे जिवंत मोजून, फोटो काढून सोडा. तीन नमुने मात्र फारच कमी: त्यांतून फरक प्रजातीचा आहे, लिंगाचा आहे की वयाचा, हे सांगता येत नाही.

मासा धरल्यापासून पहिली दहा मिनिटं फार मोलाची. अरुंद काचेच्या टाकीत, त्याच ओढ्याच्या पाण्यात, मागे करडा किंवा काळा कागद ठेवून डाव्या बाजूचा फोटो घ्या. घाबरलेला मुरा फिका पडतो आणि काळ्या दगडावरचा गडद असतो, म्हणून पट्ट्यांचा गडदपणा कधीही निकष म्हणून धरू नका. पट्टे किती, ते पाठीवर जोडलेले की तुटलेले, शेपटीच्या मुळाशी डाग कसा, हे लिहा. काळे ठिपके दिसले तर भिंगाखाली बघा. बारीक, किंचित उंचवटा असलेले, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या जागी विखुरलेले ठिपके बहुधा परजीवी कृमींच्या गाठी असतात. त्यांनाच नक्षी समजून वर्णनात घातलं की पुढच्या ओढ्यातला निरोगी मासाही ‘वेगळा’ ठरतो.

मारण्यासाठी लवंगतेल चालतं. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी एक भाग तेल नऊ भाग अल्कोहोलमध्ये मिसळून ठेवा आणि त्यातलं ४-५ मिलिलिटर एका लिटर ओढ्याच्या पाण्यात घाला. कल्ल्यांची हालचाल थांबल्यानंतर आणखी दहा मिनिटं मासा तसाच राहू द्या. मग फॉर्मेलिनच्या आधी उजव्या बाजूने ऊती घ्या: छातीच्या परातला तुकडा किंवा स्नायूचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग. तो ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये घालून दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, कारण माशातलं पाणी ते पातळ करतं. उजवी बाजू अशासाठी की मापं डावीकडून घ्यायची असतात. फॉर्मेलिनला लागलेल्या ऊतीतून डीएनए काढणं अतिशय अवघड, म्हणून हा क्रम उलटा होऊ देऊ नका. प्रत्येक ऊतीच्या कुपीला आणि तिच्या माशाला एकच क्रमांक हवा.

मासा सरळ करून, पर पसरून, मेणाच्या ताटलीवर बारीक टाचण्यांनी टेकवा आणि परांना ब्रशने फॉर्मेलिन लावा. काही मिनिटांत ते ताठ होतात. मग १० टक्के फॉर्मेलिन, म्हणजे बाजारातलं तीव्र फॉर्मेलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. त्यात चिमूटभर बोरॅक्स किंवा संगमरवराचे तुकडे टाका, नाहीतर द्रावण आम्लधर्मी होऊन हाडांतला चुना विरतो आणि एक्स-रेमध्ये मणके अस्पष्ट दिसतात. चार सेंटिमीटरच्या माशाला तीन ते पाच दिवस पुरतात. नंतर दोन दिवस पाणी बदलत धुवा आणि ३०, ५०, ७० टक्के अशा पायऱ्यांनी इथेनॉलमध्ये न्या. थेट ७० टक्क्यांत टाकला तर मासा आकसतो, डोळे खोल जातात आणि ज्या मापांवर भिस्त ठेवायची तीच बदलतात. वाकडा घट्ट झालेला मासा मापासाठी जवळजवळ निकामी. लाल, पिवळा, नारिंगी रंग इथेनॉलमध्ये उतरून जातात, काळा बराचसा टिकतो. म्हणून जिवंत रंगांची नोंद वेगळी आणि जतन केलेल्या रंगांची वेगळी.

आता मापं. सगळी डावीकडून, बिंदू ते बिंदू, डिजिटल कॅलिपरने आणि सूक्ष्मदर्शकाखाली. प्रमाण लांबी म्हणजे मुखाग्रापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत. शेपटी हलकेच वाकवली की घडी पडते, तोच शेवट. शरीराची मापं प्रमाण लांबीच्या टक्क्यांत आणि डोक्याची डोक्याच्या लांबीच्या टक्क्यांत मांडतात. हे टक्के फसवे कसे असतात ते बघा. प्रमाण लांबी ४२.० मिलिमीटर, डोकं ९.२ आणि डोळा १.६ असा मासा घेऊ. डोळा डोक्याच्या १७.४ टक्के झाला. कॅलिपरची टोकं जरा सैल धरली आणि डोळा १.७ भरला तर तोच मासा १८.५ टक्के. निव्वळ ०.१ मिलिमीटरच्या चुकीने एका टक्क्याचा ‘फरक’ तयार होतो, आणि कितीतरी निबंधांतल्या प्रजाती एवढ्याच फरकावर उभ्या असतात. म्हणून प्रत्येक माप दोन वेगळ्या दिवशी, आधीचे आकडे न बघता घ्या. शक्यतो सगळे मासे एकाच माणसाने मोजावेत. तुलना सारख्या लांबीच्या माशांशीच करा, कारण पिल्लांचे डोळे आणि डोकं प्रौढांच्या मानाने मोठं असतं. व्याप्ती एकमेकांवर चढत असेल तर सरासरीतला फरक निदानात, म्हणजे प्रजातीचं वेगळेपण सांगणाऱ्या परिच्छेदात, वापरू नका.

मोजणी मापांपेक्षा विश्वासार्ह. परांतले न फुटलेले किरण रोमन आणि फुटलेले अरबी आकड्यांत लिहितात. पाठीच्या आणि गुदाच्या परातले शेवटचे दोन किरण एकाच आधारहाडावर असतात, ते एक मोजले की दीड, हे पद्धतीच्या परिच्छेदात स्पष्ट लिहा. मणके एक्स-रेवरून, आणि डोक्यामागचे वेबेरियन यंत्रणेचे (वाताशय कानाशी जोडणाऱ्या हाडांचे) चार धरले की नाहीत तेही नमूद करा. खवलीत पार्श्वरेषेवरचे (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या छिद्रांच्या रेषेवरचे) छिद्र असलेले खवले, ती रेषा पूर्ण की अर्धवट, शेपटीजवळचा डाग कितव्या खवल्यावर, पाठीच्या परातला शेवटचा न फुटलेला किरण दातेरी आहे का, ही लक्षणं कामाची. इंडोरिओनेक्टीसमध्ये पार्श्वरेषा अपुरी असते आणि पुढच्या नाकपुडीची कडा मिशीसारखी लांबलेली असते. तेव्हा पार्श्वरेषा पाठीच्या पराच्या मानाने कुठे संपते, छिद्रं किती, नाकपुडीची ती लांब कडा डोळ्यापर्यंत पोचते की पलीकडे जाते, ओठांवरच्या घड्या कशा, हे बारकाईने बघा. छिद्रं दिसत नसतील तर मासा टिपकागदाने कोरडा करून सूक्ष्मदर्शकाखाली हळूच हवा फुंका. बुळबुळीतपणा हटला की ती एकामागून एक उघडी दिसतात. हे काम एका माशाला अर्धा तास खातं, आणि ते खाऊ द्यावं.

डीएनएकडे परत येऊ. सीओआयचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा ओळखीसाठी चांगला, पण २ किंवा ३ टक्के अशी कुठलीही सर्वमान्य रेषा नाही. डोंगराळ ओढ्यांतले लहान मासे लांब जात नाहीत. एकाच प्रजातीच्या दोन विलग वस्त्यांत बराच फरक साचू शकतो, आणि उलट नुकत्याच वेगळ्या झालेल्या प्रजातींत तो अगदी कमी असतो. शिवाय हा जनुक फक्त आईकडून येतो, त्यामुळे जुना संकर झाला असेल तर तो चुकीची गोष्ट सांगतो. सायटोक्रोम बी आणि एखादा केंद्रकातला जनुक जोडा, प्रत्येक जागेचे किमान तीन-चार मासे घ्या आणि मधल्या अंतरावरच्या ओढ्यांतलेही क्रम मिळवा. दोन टोकांचेच मासे तपासले तर हळूहळू बदलत जाणारी एकच प्रजाती दोन तुकड्यांसारखी दिसते. आकाराची लक्षणं, डीएनए आणि भूगोल तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तेव्हाच पुढे जा.

नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या अटी थोड्या पण कडक आहेत. निबंधात नाव नवं असल्याचं स्पष्ट म्हटलेलं हवं. इतरांपासून वेगळेपण दाखवणारं निदान हवं. होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं जातं तो नमुना, म्हणून एकच मासा ठरवलेला हवा आणि तो कुठल्या संग्रहात आहे ते लिहिलेलं हवं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीतली नोंदणीही लागते आणि तिचा पुरावा निबंधातच दिसावा लागतो. होलोटाइप म्हणून सर्वांत चांगला, सरळ, पूर्ण परांचा प्रौढ मासा निवडा, आणि त्याच माशाचा क्रम जेनबँकेत गेला तर उत्तम. जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती आणि नमुने नेमून दिलेल्या संग्रहात द्यावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि लखनौचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो यांत माशांची सोय आहे. महाविद्यालयाच्या कपाटात होलोटाइप ठेवू नका. प्राध्यापक निवृत्त झाले की बाटल्या कोरड्या पडतात.

नाव जागेवरून, लक्षणावरून किंवा व्यक्तीवरून ठेवता येतं. पुरुषाच्या नावाला षष्ठीचा ‘आय’, स्त्रीच्या नावाला ‘एई’, आणि विशेषण असेल तर ते गटाच्या लिंगाप्रमाणे. निबंध प्रसिद्ध होण्याआधी नाव समाजमाध्यमांवर, भित्तिपत्रकावर किंवा वर्तमानपत्रात देऊ नका. अशाने नावाभोवती घोळ होतो आणि दुसरा कोणी आधी वर्णन छापून मोकळा होऊ शकतो. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी नियतकालिकं टाळा. तिथले परीक्षक तुमची चूक पकडत नाहीत, आणि संहितेच्या अटी पूर्ण केलेलं नाव वर्णन कच्चं असलं तरी कायमचं राहतं. ते निस्तरायला पुढच्या माणसाची वर्षं जातात.

ठिकाण किती नेमकं छापायचं यावर थोडा विचार करा. केरळातल्या डेनिसन खवलीवर शोभेच्या माशांच्या व्यापाराने किती ताण आणला ते जगजाहीर आहे. आंबोलीच्या शिस्टुरा हिरण्यकेशीचं वर्णन २०२० साली झालं आणि २०२१ साली शासनाने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पण प्रत्येक ओढ्याच्या नशिबी असं संरक्षण येत नाही. टाइप लोकॅलिटी निरर्थक होईल इतकी धूसर करता येत नाही. तरी ओढ्याचं नाव, गाव आणि साधारण किलोमीटरभराच्या अचूकतेचे अक्षांश-रेखांश छापून नेमकं डबकं संग्रहालयाच्या नोंदीत ठेवता येतं.

आणि सगळी तुलना करून मासा इव्हेझर्डीच निघाला तर? तरी हाती छापण्याजोगं बरंच उरतं: टोपोटाइपची मापं, एक्स-रे, रंगीत फोटो आणि नमुना क्रमांकासह जेनबँकेतला खात्रीचा क्रम, म्हणजेच इव्हेझर्डीचं पुनर्वर्णन. आज या गटावर काम करणाऱ्या प्रत्येकाला नेमकी तीच गोष्ट हवी आहे.